आरतीला गिटारची साथ करायची तर आधी उजवा हात चालता करा

प्रश्न थोडक्यात असा: वेंगुर्ल्याजवळच्या गावात राहणाऱ्या एकाने चैत्रात अकूस्टिक गिटार घेतली. जी, सी, डी आणि ई मायनर या कॉर्ड (एकदम वाजणारे सुरांचे गट) चित्र बघून धरता येतात, पण कॉर्ड बदलताना दर वेळी गाणं तुटतं. बोटं दुखतात. दोन महिन्यांत तारांना गंज चढला. गणपतीत घरच्या आरत्यांना आणि भजनाला साथ करायची आहे, पण पेटीशी सूर जुळत नाही. कुठून सुरुवात करावी?

गाणं तुटतं तिथूनच सुरुवात करू, कारण ते जमलं तर बाकीचं सोसवतं. डावं बोट जागेवर पोचेपर्यंत तुम्ही उजवा हात थांबवता. नवशिक्यांपैकी बहुतेक जण हेच करतात. कॉर्ड स्वच्छ वाजावी म्हणून ताल मोडला जातो, आणि ऐकणाऱ्याला मोडलेला तालच आधी कळतो. भजनात पखवाजवाल्याचा एखादा बोल हुकला तरी तो ठेका सोडत नाही, पुढच्या समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, बरोबर येतो. गिटारवर हाच नियम लावा: डाव्या हाताला उशीर झाला तर होऊ दे, उजवा हात थांबता कामा नये. कॉर्ड अर्धवट वाजली, एखादी तार दबली, तरी चालेल.

म्हणून पहिले आठ-दहा दिवस कॉर्ड बाजूला ठेवा. डावा हात तारांवर नुसता आडवा टेकवा, दाबू नका. तारांचा सूर न येता फक्त ‘खच्‌ खच्‌’ असा आवाज येईल. आता तोंडाने केरवा म्हणा: धा गे ना ती, न क धी ना. उजवा हात पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या मात्रेला खाली, दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या मात्रेला वर. आठ मात्रांना चार वेळा खाली, चार वेळा वर, घड्याळाच्या लंबकासारखा. मनगट सैल ठेवा आणि हात कोपरातून हलवा. पिक (तारा छेडायची चकती) पातळ घ्या, 0.5 ते 0.7 मिलिमीटरची. ती चिमटीत इतपतच धरा, की दुसऱ्या हाताने ओढली तर निसटेल.

हा हात सलग तीन मिनिटं न अडखळता चालला की त्यातल्या दोन मात्रा गाळायच्या. हात खाली-वर तसाच चालू, पण ‘गे’ आणि ‘न’ या दोन मात्रांना तो तारांना न लागता हवेतून जातो. वाजतात ते धा, ना, ती, क, धी, ना. म्हणजे खाली, खाली-वर, वर-खाली-वर. गिटार शिकवणारे पहिल्यांदा शिकवतात तो स्ट्रमिंगचा नमुना हाच, फक्त ते तो इंग्रजीतल्या बाणांनी दाखवतात. सगळे अडतात ते पाचव्या मात्रेवर, कारण तिथे हात खाली तर यायचा असतो पण वाजवायचं नसतं. आपल्याला मात्र हे समजायला सोपं आहे: केरव्यात पाचवी मात्रा ही तालातली ‘खाली’, म्हणजे रिकामी मात्राच. हाताने ताल धरताना तिथे टाळी न देता हात उलटा करतो ना, तसंच इथे तारा न छेडता हात पुढे न्यायचा. गणपतीच्या आरत्या आणि गजर लहानपणापासून ऐकलेल्या माणसाच्या अंगात हा ठेका आधीच असतो, फक्त तो मनगटात उतरवायचा आहे.

आता डावा हात. मला सर्वांत जास्त इथेच सांगायचं आहे.

पुस्तकातली जी, सी आणि डी या तीन कॉर्ड एकमेकींपासून दूर आहेत. जी-वरून सी-वर जाताना सगळी बोटं उचलावी लागतात, म्हणून वेळ लागतो. त्याऐवजी जी अशी धरा (पहिली तार म्हणजे सर्वांत बारीक, सहावी सर्वांत जाड; फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांनी पाडलेलं घर): मधलं बोट सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, तर्जनी पाचव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, अनामिका दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, करंगळी पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर. चौथी आणि तिसरी तार मोकळी.

सी-वर जाताना अनामिका आणि करंगळी हलवायचीच नाहीत. मधलं बोट सहाव्या तारेवरून पाचव्या तारेवर त्याच तिसऱ्या फ्रेटला, तर्जनी पाचव्या तारेवरून चौथ्या तारेवर त्याच दुसऱ्या फ्रेटला. दोन बोटं फक्त एकेक तार खाली सरकली. याला ‘सी अ‍ॅड नाइन’ म्हणतात, साध्या गाण्यात ती सी-चं काम चोख करते. सहावी तार वाजवू नका, मधल्या बोटाच्या टोकाने तिला किंचित स्पर्श झाला तर ती आपोआप बंद होते.

ई मायनरसाठीही अनामिका आणि करंगळी तिथेच: तर्जनी पाचव्या तारेवर आणि मधलं बोट चौथ्या तारेवर, दोन्ही दुसऱ्या फ्रेटला. डी-साठी करंगळी उचला, अनामिका तशीच ठेवा, तर्जनी तिसऱ्या तारेच्या आणि मधलं बोट पहिल्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर आणा. डी चौथ्या तारेपासून खालीच वाजवायची.

चारही कॉर्डमध्ये अनामिका जागची हललेली नाही. ती ज्या सुरावर आहे तो डी. जी हा षड्ज धरला तर डी हा त्याचा पंचम. करंगळी आहे तो वरचा षड्ज, फक्त डी-त तो सुटतो. म्हणजे कॉर्ड खाली बदलत राहतात आणि वर तंबोऱ्यासारखे सा-प धरलेले राहतात. गाणाऱ्याला याचा आधार वाटतो, आणि भजनाला हा आवाज पुस्तकी कॉर्डपेक्षा जास्त शोभतो असं माझं ठाम मत आहे. पुस्तकातली सी पुढे शिकायचीच आहे, पण पहिल्या चार महिन्यांत तिच्यासाठी अडून बसू नका.

बदल नेमका कधी करायचा? समेवर नाही. सम यायच्या आधीच्या मात्रेवर, म्हणजे आठव्या ‘ना’वर, डावी बोटं उचला. त्या क्षणी उजवा हात वर येत असतो आणि तो मोकळ्या बारीक तारांना लागतो: ई, बी, जी. जी-च्या पट्टीत हे तिन्ही सूर ध, ग आणि सा आहेत, त्यामुळे कानाला खटकत नाहीत. एक मात्रा मोकळी वाजली, बोटांना पोचायला वेळ मिळाला, आणि समेला नवी कॉर्ड हजर. सरावलेले वादकही हेच करतात, तुम्हाला ते ऐकू येत नाही इतकंच.

सराव असा: दोनच कॉर्ड घ्या, जी आणि सी. मिनिटाचा गजर लावून किती वेळा बदल होतो ते मोजा. सुरुवातीला 10-12 होतील. 30 झाले की ती जोडी गाण्यात वापरण्याजोगी झाली. मग जी-डी, मग सी-डी. ई मायनर सर्वांत शेवटी, ती सोपी आहे. मेट्रोनोम (ठरावीक लयीत ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर ठेवा, त्याच्या एका ठोक्यात दोन मात्रा. दिवसातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटं बसणं हे रविवारी सलग दोन तास बसण्यापेक्षा पुष्कळ चांगलं, कारण बोटांच्या कातडीला मधे सावरायला वेळ लागतो.

बोटं दुखण्याची कारणं तीन असतात आणि तिन्ही वेगवेगळी तपासायची. पहिलं, बोट फ्रेटच्या पट्टीपासून लांब पडतं. पट्टीच्या अगदी लगत, तिच्या मागे टेकवलं तर निम्मा जोर पुरतो. एक प्रयोग करा: बोट तारेवर नुसतं ठेवून तार छेडत राहा आणि हळूहळू दाब वाढवा. सूर स्वच्छ झाला की थांबा, तेवढाच जोर लागतो. बहुतेक जण त्याच्या दुप्पट लावतात. दुसरं कारण तारा जाड असणं. दुकानातून आलेल्या गिटारवर पुष्कळदा 12 नंबरचा संच असतो (पहिली तार 0.012 इंच). त्याचा एकूण ताण 70 किलोच्या वर जातो. 10 नंबरचा संच लावला तर तो सुमारे 60 किलोवर येतो. आवाज थोडा पातळ होतो, पण शिकताना हा सौदा फायद्याचा.

तिसरं कारण तारांची उंची. बाराव्या फ्रेटवर स्टीलची पट्टी उभी धरून फ्रेट आणि तार यांमधलं अंतर मोजा: जाड तारेखाली 2.5 मिलिमीटरच्या आसपास, बारीक तारेखाली 2 मिलिमीटर. 3 मिलिमीटरच्या पुढे असेल तर दोष तुमच्या बोटांचा नाही. दुरुस्तीवाला ब्रिजवरचं (तारा अडकवलेल्या लाकडी ठोकळ्यावरचं) सॅडल, म्हणजे तारा टेकतात ती बारीक पट्टी, खालून घासून देतो. सॅडल जितकं घासाल त्याच्या साधारण निम्म्याने बाराव्या फ्रेटवरची उंची उतरते, म्हणून एकदम फार घासू देऊ नका. मानेतला ट्रस रॉड स्वतः फिरवू नका. तो मानेचा बाक सरळ करण्यासाठी असतो, तारांची उंची कमी करण्यासाठी नाही, आणि अंदाजाने फिरवला तर तुटतो.

टोकांची जळजळ तीन-चार आठवड्यांत कमी होते, तिथे घट्टा पडतो. अंगठ्याच्या मुळाशी किंवा मनगटात कळ येत असेल, बोटं बधिर होत असतील, तर मात्र तो सरावाचा भाग नाही. तेव्हा थांबा आणि बसणं बदला: खुर्चीवर पाठ ताठ, गिटार उजव्या मांडीवर, गिटारची मान किंचित वर. ओटीवर मांडी घालून वाजवलं की मान खाली झुकते आणि मनगट दुमडतं. भजनाला खाली बसायचंच असेल तर पट्टा लावा आणि उजव्या मांडीखाली जाड उशी घ्या.

आता पेटी. तुम्ही सूर जुळत नाही म्हणता, त्यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत. एक म्हणजे पट्टी. बुवा काळी चारमध्ये गातायत आणि तुम्ही जी-मध्ये वाजवताय, म्हणजे अर्ध्या सुराचा फरक. इथे कॅपो लागतो, म्हणजे मानेवर लावून सगळ्या तारा एका फ्रेटला दाबणारा चिमटा. पेटीची पांढरी एक म्हणजे सी, दोन डी, तीन ई, चार एफ, पाच जी, सहा ए, सात बी. काळी एक सी शार्प, दोन डी शार्प, तीन एफ शार्प, चार जी शार्प, पाच ए शार्प. वर सांगितलेल्या जी-च्या घराण्यातल्या कॉर्ड तशाच धरायच्या आणि कॅपो सरकवायचा: पहिल्या फ्रेटवर लावला तर काळी चार, दुसऱ्यावर पांढरी सहा, तिसऱ्यावर काळी पाच, पाचव्यावर पांढरी एक, सहाव्यावर काळी एक. बायकांच्या आवाजाला बहुधा काळी चार-पाच, पुरुषांना काळी एक किंवा पांढरी दोन सोयीची पडते. पांढरी दोनला कॅपो न लावता डी, जी, ए या कॉर्ड वापरा. सहाव्या फ्रेटवर कॅपो असला की आवाज मँडोलिनसारखा बारीक होतो. पेटी आणि पखवाज यांच्या गर्दीत तो उलट वेगळा ऐकू येतो, म्हणून घाबरू नका. कॅपो फ्रेटच्या पट्टीच्या लगत मागे लावा. मधोमध लावला तर तारा ताणून सूर चढतात.

दुसरी गोष्ट पेटीची स्वतःची. ट्यूनरवर (सूर मोजून दाखवणाऱ्या यंत्रावर किंवा अ‍ॅपवर) 440 हा आकडा असतो, तो ए-चा, म्हणजे पांढरी सहाचा. जुन्या पेटीच्या आतल्या सुरांच्या पट्ट्या (रीड) वर्षानुवर्षं वाजून, घासून, गंजून थोड्या उतरलेल्या किंवा चढलेल्या असतात, आणि गणपतीत पेटी जुळवायला कोणाला सवड नसते. म्हणून गिटारच पेटीला जुळवायची. बुवांना पांढरी सहा एकाच सुराने लांब धरायला सांगा, फोनमधल्या ट्यूनरवर आकडा बघा. तो 437 किंवा 443 दिसला तर ट्यूनरचं मूळ माप तेवढं करून सहाही तारा त्यावर लावा. हे आरतीच्या आधी, शांततेत. झांजा सुरू झाल्यावर फोनच्या माइकला काही उमगत नाही, तेव्हा मानेला चिमट्यासारखा लावायचा क्लिप ट्यूनर कामी येतो, कारण तो आवाज न घेता लाकडातलं कंपन घेतो. तार लावताना नेहमी खालून वर चढवत आणा. वर गेली तर पुरती उतरवून पुन्हा चढवा, नाहीतर खुंटीतला ढिलेपणा दोन मिनिटांत सूर पाडतो.

कोणत्या ओळीला कोणती कॉर्ड, हे नेटवर शोधत बसू नका. तिथे आरत्यांच्या कॉर्ड पुष्कळदा चुकीच्या किंवा भलत्या पट्टीत असतात. चाल स्वतः गुणगुणा. ओळ जिथे विसावते तो बहुधा सा. मग ओळीतला लांब धरलेला सूर बघा. सा, ग, प यांवर चाल रेंगाळत असेल तर जी. म किंवा ध-वर रेंगाळली तर सी. रे किंवा नी-वर असेल तर डी. ध-वरून ग-कडे उतरताना ई मायनर गोड लागते. प जी-तही आहे आणि डी-तही, तिथे कान सांगेल ते. सुरुवातीला एका आवर्तनाला एकच कॉर्ड, त्याहून जास्त नको.

आपल्याकडच्या बऱ्याच चालींत उतरताना कोमल नी येतो. तिथे डी वाजवली की पेटीशी टक्कर होते, कारण डी-मध्ये शुद्ध नी आहे. त्या जागी डी मायनर वाजवा, टक्कर मिटते. ग कोमल असेल तर जी-चं घराणंच सोडा आणि ए मायनर, डी मायनर, ई मायनर घ्या. तेव्हा सा ए-वर असतो, चौथ्या फ्रेटवर कॅपो लावला की काळी एक. आणि रे कोमल असलेली भैरवीसारखी चाल आली तर कॉर्ड लादू नका. पाचवी तार मोकळी, चौथी आणि तिसरी दुसऱ्या फ्रेटला दाबून फक्त या तीन तारा वाजवा: सा, प, सा. तिथे हेच योग्य आहे, यात काही कमी पडत नाही.

केरव्याखेरीज दादरा लागेल. धा धीं ना, धा तीं ना. पहिल्या धा-ला कॉर्डची जाड तार एकटी, मग धीं ना-ला बारीक तारांवर दोन हलके खाली. दुसऱ्या धा-ला चौथी तार, पुन्हा दोन हलके. डग्ग्याचं काम जाड तार करते, चाटीचं काम बारीक तारा. अनेक कोळीगीतं याच सहाच्या झोकात आहेत, तेव्हा सरावाला चाली कमी पडणार नाहीत.

आरती शेवटाकडे चढते, लय दुप्पट होते. तिथे सगळे फटके मारायला जाल तर हात आखडेल. लय चढली की फक्त ‘धा’ आणि ‘धी’ या दोन मात्रा वाजवा, बाकी हात हवेत. झांजांच्या आवाजात कोणाला कमी वाटणार नाही, आणि तुम्ही समेवर राहाल.

गंजाचं कारण खारी हवा आणि घाम. पहिल्या दोन तारा उघड्या पोलादाच्या असतात, त्या आधी गंजतात. बाकी चारांवर काशाचा किंवा पितळेसारखा वेढा असतो, तो आधी काळवंडतो आणि मग हिरवा पडतो. गंजलेली तार फक्त बोटं सोलत नाही, तिची जाडी ठिकठिकाणी वेगळी होते आणि ती वरच्या फ्रेटांवर बेसूर लागते. वाजवण्याआधी हात धुऊन कोरडे करा, वाजवल्यावर जुन्या मऊ धोतराच्या तुकड्याने प्रत्येक तार चिमटीत धरून वरपासून खालपर्यंत पुसा. खालची बाजूही. खोबरेल लावू नका, ते वेढ्यात बसून धूळ धरतं आणि आवाज मेल्यासारखा होतो. पावसाळ्यात साधा संच सहा ते आठ आठवडे चांगला राहतो. लेप दिलेल्या तारा दुप्पट-तिप्पट महाग, पण किनाऱ्यावर परवडतात.

गिटारच्या लाकडाला हवेत 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. मिरग लागला की आपल्याकडे ती 80 च्या वर असते. वरची फळी ओल पिऊन फुगते, ब्रिज उचलल्यासारखा होतो आणि तारांची उंची वाढते. मे महिन्यात मऊ वाटणारी गिटार श्रावणात दाबवत नाही, ती याच कारणाने. आगोटीच्या तयारीतच जाड पिशवी किंवा खोक्यासारखं कडक कव्हर घ्या आणि आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. मण्यांचा रंग बदलला की त्या वाळवून परत वापरता येतात, फक्त स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका. जांभ्याच्या बाहेरच्या भिंतीला गिटार टेकवू नका, ती भिंत पावसात ओल धरते. माजघरातली आतली भिंत बरी. माळ्यावर नको, चुलीजवळ नको, आणि उन्हात बंद गाडीत तर अजिबात नको: डिंक मऊ होऊन ब्रिज सुटतो. महिन्यातून एकदा ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद घालून बघा. कागद आत गेला तर तारा सैल करून लगेच दुरुस्तीला द्या.

गणपतीला जाताना पिशवीत एक सुटी पहिली तार आणि एक सुटी चौथी तार, एक जास्तीची पिक, कॅपो, तारा कापायची पक्कड आणि पुसायचं फडकं ठेवा. नवी तार लावल्यावर ती पहिला अर्धा तास उतरत राहते. बाराव्या फ्रेटजवळ दोन बोटांनी हलकेच वर ओढून पुन्हा लावा, असं चार-पाच वेळा केलं की ती ठरते. म्हणून पूर्ण संच चतुर्थीच्या दोन दिवस आधी बदला, आदल्या रात्री नाही.